ताईनं कलप सोडला, आईंनी नाही

केसांना रंग लावणं बंद करून पांढरे ठेवायचे का, यावर आमच्या घरात दीड-दोन वर्षं जे चाललं ते सगळं एकदा नीट लिहून काढतेय. हल्ली चाळिशी-पन्नाशीच्या बायका जमल्या की हाच विषय निघतो आणि तो निघाला की लगेच धाडस, आत्मविश्वास, स्वतःवर प्रेम असली भाषा सुरू होते. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. आमच्याकडे एक सुजलेला डोळा होता, एक लग्न होतं आणि एक सासू होती, आणि खरं प्रकरण त्या सासूपाशी आहे, पण तिथे जरा वेळानं येते.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. वय तेव्हा ४९, एका सहकारी बँकेत काउंटरला, रोज डोंबिवली-दादर. नाव नको टाकूस, बाकी लिही, असं म्हणाली म्हणून लिहितेय. केस लांबसडक, कमरेपर्यंत, आणि तिशी ओलांडल्यापासून पिकायला लागलेले. म्हणजे तिला कायम वाटायचं की आपले फार लवकर पिकले, पण डॉक्टर लोक आपल्याकडे पंचविशीच्या आत पिकले तर त्याला अकाली म्हणतात, तेव्हा ती त्यातही बसत नव्हती. थायरॉईड, बी-१२ सगळं तपासून झालं होतं, नॉर्मल. आवळा, माका, जास्वंद, कढीपत्ता घातलेलं तेल, तेही सगळं करून झालं होतं. मुळातून पांढरा उगवलेला केस तेलानं काळा होत नाही, पण हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी सांगावं.

तर दर तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी गॅलरीत कार्यक्रम असायचा. आई म्हणजे आमच्या सासूबाई, वय ७४, आणि ताई, दोघी जुने गाऊन घालून, खाली पेपर पसरून, प्लास्टिकच्या वाटीत कलप कालवून एकमेकींना लावायच्या. ताई पाकिटातला क्रीमवाला लावायची, आई ती काळी मेंदी लावायच्या. मग दोघी डोक्याला पिशवी बांधून चहा प्यायच्या. सासू-सुनेचं इतर वेळी जे काय व्हायचं ते व्हायचं, पण या रविवारी दोघी छान बोलायच्या, हे मी समोरच्या फ्लॅटमधून बघितलेलं आहे.

खाज दोनेक वर्षं तरी येत होती. कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला. आधी टिकलीवर आळ आला, मग शाम्पूवर, मग टँकरच्या पाण्यावर. कलपावर कोणीच संशय घेतला नाही कारण 'इतकी वर्षं लावतेय, आत्ता कसं होईल?' आणि इथेच बहुतेक जणी फसतात. ही ॲलर्जी पहिल्यांदा लावल्यावर होत नाही, शरीर आधी ओळख करून घेतं आणि मग कधीतरी, पाच वर्षांनी नाहीतर पंधरा वर्षांनी, बिथरतं. ताईनं त्यावर काय उपाय काढला होता तर कलप लावायच्या आदल्या रात्री एक सेट्रिझिनची गोळी. बँकेतल्या निम्म्या बायका असंच करतात म्हणे.

२०२३ च्या दिवाळीआधीच्या रविवारी लावला आणि वसुबारसेपर्यंत डोळे सुजून फटी झाले, कानाच्या पाळ्यांतून पाणी यायला लागलं, कपाळावर फोड. फराळाचं सगळं माझ्यावर आलं, ती स्टिरॉइडच्या गोळ्या आणि मलम लावून अंधाऱ्या खोलीत. पाडव्याला दादांनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, ओवाळून घेतलं तेव्हा तिनं गॉगल घातला होता. फोटो आहे.

स्किनच्या डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा टिकलीबद्दलच विचारलं, कारण टिकलीच्या गमाचीही ॲलर्जी होते आणि काहींना तिथे पांढरा डागही पडतो. पण हिचं सगळं केसांच्या कडेनं आणि कानांवर होतं. मग गोळ्यांचा कोर्स संपल्यावर काही आठवडे थांबून पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, प्रत्येकीत वेगळा पदार्थ, ४८ तासांनी काढतात आणि नंतर ७२ किंवा ९६ तासांनी परत बघतात, तोपर्यंत पाठ ओली करायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. आणि ही बाई त्यात लोकलनं कामावर गेली. रिझल्ट मात्र डोळ्यांनी दिसण्यासारखा होता, बाकी पाठ कोरी आणि पॅराफेनिलिनडायअमाइनच्या चकतीखाली लालभडक, वर बारीक फोड.

याला पीपीडी म्हणतात. पर्मनंट काळा रंग देणारं हे मुख्य केमिकल, बाटलीतल्या पेरॉक्साइडबरोबर मिसळलं की केसाच्या आत जाऊन रंग धरतं. डॉक्टर बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या ज्या आम्हाला कोणालाच माहीत नव्हत्या. एक, 'अमोनिया-फ्री' म्हणजे पीपीडी-फ्री नाही, अमोनिया फक्त केसाचा पापुद्रा उघडायला असतो, त्याच्या जागी दुसरं काहीतरी घालतात आणि पीपीडी तिथेच असतं. दोन, काळी मेंदी नावाची गोष्ट झाडाला येत नाही, मेंदीच्या पानाचा रंग केशरी-लाल, अर्ध्या तासात काळं करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पीपीडीच असतं. तीन, सेट्रिझिन या ॲलर्जीवर चालत नाही. ही उशिरानं, एक-दोन दिवसांनी उठणारी वेगळी ॲलर्जी आहे, गोळीनं फार तर खाज थोडी दबते, आणि खाज दबली की माणूस परत लावतो. आणि एकदा झाली की आयुष्यभराची.

मी विचारलं होतं की मग आत्ता केसात आहे तो रंग कापून टाकायचा का? तर नाही. पूर्ण बसलेला रंग केसात बंद झालेला असतो, तो काही करत नाही, त्रास होतो तो ओला, कच्चा कलप कातडीला लागताना. म्हणजे कमरेपर्यंतचे काळे केस ताईला ठेवता येणार होते. प्रश्न फक्त मुळांचा होता.

आता इथे एखादी म्हणेल मग ठरलंच की, बंद. पण ठरत नाही. ॲलर्जी कळली तरी बाई रस्ते शोधते, आणि ते शोधणं मला अजिबात चूक वाटत नाही, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या मुलीचं लग्न होतं.

पहिला रस्ता, पीपीडी नसलेले कलप. मिळतात, महाग असतात, पण त्यात त्याच घराण्यातलं दुसरं केमिकल असतं, आणि पीपीडी सोसत नाही त्यांतल्या बऱ्याच जणींना तेही सोसत नाही. डॉक्टर म्हणाल्या टेस्ट करून बघू, ताई म्हणाली पुन्हा डोळे सुजवायची माझ्यात ताकद नाही, विषय बंद. दुसरा, शुद्ध मेंदी आणि त्यावर नीळ, कपड्यांची नव्हे, झाडाची. हा खरा पर्याय होता. आधी मेंदी लावून धुवायची, मग नीळीच्या पानांची पूड कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची, दोन्ही मिळून काळपट तपकिरी येतं. नुसती नीळ पांढऱ्या केसावर लावली तर हिरवट झाक येते. ताईनं हुशारी केली, कंगव्यात निघालेले पांढरे केस साठवून दोरा बांधून त्याची बट केली आणि तिच्यावर करून बघितलं. रंग बरा आला. पण अख्खा रविवार जातो, कमरेपर्यंतचे केस धुताना दोन बादल्या चिखल, आणि आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. फक्त मेंदी ठेवायची तर केशरी. 'माझ्या माहेरी दोन काकू तशा होत्या, लांबून ओळखू यायच्या,' एवढंच बोलून तिनं पुडी परत कपाटात टाकली.

तिसरा रस्ता पार्लरवाल्या मुलीनं सुचवला. काळ्या केसांना मधेमधे ब्लीच करून राखाडी बटा काढायच्या म्हणजे पांढरी मुळं आणि काळी टोकं यांच्यातली रेघ दिसत नाही. आठ-दहा हजार सांगितले, आणि ब्लीचनंतर जो टोनर मारतात त्यात काय असतं हे विचारल्यावर ती गप्प झाली. चौथा म्हणजे काहीच न लावणं.

घरातल्यांची मतं यायला लागली. मुलगी म्हणाली मम्मा लग्नापर्यंत काहीतरी कर, नंतर टक्कल केलंस तरी चालेल. दादा म्हणाले तुला हवं ते कर, जे बोलायला त्यांना सोपं, कारण त्यांचे स्वतःचे केस पांढरे व्हायच्या आत गेले. त्यांच्या शेजारी मी मोठी दिसणार, हे ताईनं मला एकटीला सांगितलं. भाच्यानं व्हॉट्सअपवर कॅन्सरचा एक भयानक फॉरवर्ड टाकला. त्यावर मी शोधलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१० च्या अहवालात असं म्हटलंय की सलूनमध्ये रोज हे काम करणाऱ्यांना धोका संभवतो, पण घरी स्वतःला लावणाऱ्यांबाबत ठरवण्याइतका पुरावा नाही. म्हणजे घाबरवायला तो फॉरवर्ड निरुपयोगी आणि पार्लरवाल्या मुलीची काळजी मात्र करावी अशी.

आणि मग आई बोलल्या. पॅच टेस्टचा रिझल्ट आला त्या दिवशी नाही, आठवड्याभरानं, मी भाजी निवडायला बसले होते तेव्हा. म्हणाल्या, 'तिनं पांढरे ठेवले की माझं काय?'

मला आधी कळलंच नाही. म्हटलं तुमचं काय म्हणजे? तर म्हणाल्या, 'पन्नाशीची सून पांढरी आणि पंचाहत्तरीची सासू काळी, हे लोकांना दिसणार नाही का? मला विचारतील, आजी आता कोणासाठी नटताय?'

मामंजी २००९ मध्ये गेले. त्यानंतर आईंनी दोन महिने डोक्याला काही लावलं नव्हतं, भांगात पांढरा पट्टा आला होता, आणि मग एका रविवारी कोणाला न विचारता त्यांनी पुडी कालवली. त्या वेळी आमच्या एक चुलतसासूबाई येऊन बोलून गेल्या होत्या, आई हूं की चूं न करता ऐकत बसल्या आणि पुढच्या महिन्यात परत लावला. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. त्यांच्या वडिलांची आत्या त्यांच्या माहेरी होती, लाल आलवणातली, सोवळी, म्हणजे केस काढलेली विधवा. मागच्या दारी न्हावी यायचा आणि मुलांना त्या दिवशी अंगणात जायला बंदी असायची. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी नाभिकांनाच एकत्र करून विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवून घेतलं होतं, हे आपण पुस्तकात वाचतो आणि तिथे तो विषय संपला असं समजतो, पण घराघरातून ते जायला पुढे कित्येक दशकं लागली, आणि पन्नासच्या दशकात लहान असलेल्या आमच्या आईंनी त्याचं शेवटचं टोक डोळ्यांनी पाहिलेलं. 'केस ठेवले हेच पुष्कळ होतं आमच्यात. मी ते काळे ठेवले. आता तुम्ही म्हणणार पांढरे म्हणजे मॉडर्न.'

मी ताईला हे सांगितलं. सांगायला नको होतं असं दादांचं मत, पण मला वाटतं सांगायलाच हवं होतं. ताई चिडली. 'म्हणजे मी डोळे सुजवून घ्यायचे त्यांच्यासाठी?' तिचंही बरोबर. यात तोडगा काढण्यासारखं काही नव्हतं हो, दोघींच्या केसांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे दोघींनाही कळत होतं आणि तरी होता. एकीला कलपातून सुटायचं होतं आणि दुसरी कलप लावून सुटली होती. आपण पांढऱ्या केसांबद्दल जे कौतुकाचं बोलतो ना, झीनत अमान २०२३ मध्ये रुपेरी केसांनी इन्स्टाग्रामवर आली तेव्हा सगळ्या जणी वाहवा करत होत्या, मीपण केली, ते सगळं जिच्यावर पांढरं लादलं जाण्याची कधी भीतीच नव्हती तिच्यासाठी सोपं आहे.

लग्नाचं ताईनं व्यवहारानं सोडवलं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत भांगात दोन-तीन बोटं पांढरं येणार आणि ही सगळ्यात वाईट अवस्था असते, कारण लोकांना वाटतं बाईला कलप लावायला वेळ मिळाला नाही किंवा घरात काही झालंय. मेकअपवाली आलीच म्हणत, 'मॅम एक हर्बल आहे, काही होत नाही.' ताईनं बॉक्स मागून बारीक अक्षरं वाचली आणि तिच्या हातात परत दिला. मग भांगाला लावायची पावडर मिळते ती आणली, रंगद्रव्य नुसतं वर बसतं, केसात शिरत नाही, धुतलं की जातं, आणि तीसुद्धा आठ दिवस आधी कोपराच्या आत लावून बघितली. अंबाडा, त्यावर भरगच्च गजरा, भांगात पावडर. अक्षतांपर्यंत टिकली. पंगतीच्या उकाड्यात कानशिलाशी ओघळली आणि फोटोग्राफर ग्रुप फोटोसाठी ओरडला, 'आजींना मधे घ्या', तर आई आणि ताई दोघी पुढे सरकल्या. आई जागच्या जागी थांबल्या आणि ताईला म्हणाल्या, 'जा, तुलाच म्हणतोय.' मी इतकी हसले की त्या फोटोत माझं तोंड वाकडं आहे.

त्यानंतर ताईनं लांब केस आधी खांद्यापर्यंत आणि पुढच्या दिवाळीच्या सुमारास हनुवटीपर्यंत कापले. कमरेपर्यंतचे केस नुसते वाढू दिले असते तर पूर्ण बदलायला सहा-सात वर्षं लागली असती, असा हिशेब तिनं मांडला, बँकेतली बाई. वेणी कापली तेव्हा रडली, पांढऱ्यासाठी नव्हे, लांबीसाठी, आणि जी बाई पांढरे ठेवायचा विचार करतेय तिनं हे आधी ओळखून ठेवावं की लांबी हवी की वेळ वाचवायचा, दोन्ही मिळत नाही.

बँकेत काय झालं? 'मेधा पाटकर झालीस का?' हे पहिल्या आठवड्यात. त्यांच्याच काउंटरला शेजारी बसणारा, तिच्याच वयाचा, अख्खा पांढरा माणूस आहे, त्याला कस्टमर साहेब म्हणतात आणि चुकीची स्लिप भरली तर आधी त्याच्याकडे जातात. तिला काकूच्या ऐवजी आजी. कॅनडात लिसा लाफ्लाम नावाची मोठी न्यूज अँकर होती, कोविडमध्ये सलून बंद म्हणून रंग लावणं सोडलं, २०२२ मध्ये चॅनलनं तिचं कॉन्ट्रॅक्टच संपवलं आणि मोठा गदारोळ झाला. चॅनलचं म्हणणं केसांचा काही संबंध नाही. असेल नसेल. ताईला नोकरीची तशी भीती नव्हती, पण प्रमोशनच्या इंटरव्ह्यूला जाताना ती दोनदा आरशात बघून गेली एवढं मला माहितीय. प्रमोशन मिळालं.

लोकलमध्ये मात्र फायदा. लेडीज डब्यात जिथे चौथ्या सीटवर अर्धं टेकायला मिळायची मारामार तिथे एका कॉलेजच्या मुलीनं 'आजी बसा' म्हणून उठून खिडकी दिली. तिच्या ग्रुपमधल्या बायका बघत राहिल्या. ताई म्हणे क्षणभर राग आला, आणि मग बसले.

सगळे रंगवलेले केस कापून झाल्यावर २०२५ च्या पावसाळ्याच्या सुमारास जे दिसलं त्याची कोणालाच कल्पना नव्हती. पुढून आणि कानशिलांवर पांढरे शुभ्र, पण मागचे बरेचसे अजून काळे. इतकी वर्षं ती मागच्या काळ्या केसांनाही काळा कलप लावत होती. बहुतेकींचे असेच पुढून आधी पिकतात, पण सतत रंगवत राहिलं की आपले खरे केस कसे आहेत हे कळायला मार्गच नसतो. मग देखभाल वेगळी लागते, टँकरच्या जड पाण्यानं पांढरे केस पिवळट पडतात, जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, जास्त वेळ ठेवला तर जांभळटच दिसतात, तेही झालं. मोतिया आणि फिक्या पिवळ्या साड्या तिनं मला देऊन टाकल्या, आता ती राणी आणि मोरपंखी नेसते. मला साड्या मिळाल्या, माझी काही तक्रार नाही.

कोणी विचारलं की मी आता काय सांगते, तर आधी खाज येते का ते विचारते. येत असेल तर पॅच टेस्ट, बाकी तत्त्वज्ञान नंतर. येत नसेल आणि लावायला आवडत असेल तर लावा, पाकिटावर लिहिलेली ४८ तास आधीची कानामागची टेस्ट प्रत्येक वेळी करा, जी मी आजवर एकाही बाईला करताना पाहिलेली नाही.

आई लावतात अजून. त्यांना काळ्या मेंदीतलं सगळं समजावून सांगितलं, त्यांनी कानामागे टेस्ट केली, काही झालं नाही, विषय संपला. अडचण वेगळीच निघाली. ताईला आता कलपाला हात लावायची सोय नाही, डॉक्टर म्हणाल्या पातळ रबरी ग्लव्हजमधून ते आत जातं, नायट्राइलचे घाल, त्याहून बरं म्हणजे लांबच राहा. मला रविवारी क्लास असतो. म्हणून हल्ली आईंना दादा लावून देतात. कानांना आधी व्हॅसलिन लावायला विसरतात, आणि सोमवारी आई कानटोपी घालून देवळात जातात, मे महिन्यातसुद्धा.